भूकंपानंतरच्या शाळा बघत : लातूर ते नळदुर्ग

गुरुवार : लातूर, औसा, जुनी किल्लारी

आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचला पंचवीस वर्षं झाली म्हणून काहीतरी चांगलं करायचं, असं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलं. चांगलं म्हणजे नेमकं काय, यावर महिनाभर काथ्याकूट झाला. शेवटी १९९३ च्या भूकंपातल्या एखाद्या गावी झेडपीच्या शाळेला एक खोली बांधून द्यायची, यावर एकमत झालं. बॅचमधला एक जण मूळचा औशाचा, त्यामुळे भाग ठरला. मी पुण्यात सोसायट्यांची स्ट्रक्चरल ऑडिटं करतो, म्हणून जागा बघायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मलाही जायचंच होतं. शिकताना किल्लारीवर पानंच्या पानं वाचली होती, गाव मात्र कधी पाहिलं नव्हतं.

रात्रीच्या गाडीनं सकाळी लातूरला उतरलो तर मिस्त्रीमामा स्टेशनबाहेर मोटरसायकलला टेकून उभे. मामा माझे नात्यातले कोणी नाहीत. लातूरच्या एका ठेकेदार मित्रानं नंबर दिला होता : "भूकंपाच्या कामावर गवंडी होते, त्यांना सोबत घे. नुसते कागद वाचून काही कळायचं नाही." वय साठीच्या पुढे, डोक्याला मफलर, खिशात चपटी पेन्सिल. माझी पाठीवरची सॅक बघून म्हणाले, "एवढं काय आनलाव सायेब? टेप हाय का टेप?" टेप होता. त्यावर ते खूश झाले.

औशात हातगाडीवर निलंगा राइस खाल्ला आणि लामजन्याच्या रस्त्याला लागलो. जानेवारीचा दुसरा आठवडा. दोन्ही बाजूंनी काळीभोर जमीन, कुठे तूर काढून ढीग लावलेले, कुठे हरभरा घाट्यांवर आलेला. मधेच ऊस. गाडीवरून ही जमीन छान दिसते. बांधकामवाल्याला मात्र ती बघून घाम फुटतो, ते पुढे येईलच.

जुनी किल्लारी आता गाव नाही. वेडी बाभूळ, दगडांचे ढिगारे, त्यातून गेलेल्या पायवाटा. निळकंठेश्वराचं देऊळ आहे, लोक दर्शनाला येतात. मामा एका ढिगाऱ्यापाशी थांबले आणि पायानं माती सारून मला दोन दगड दाखवले. गोलसर, डोक्याएवढे, एकाही बाजूला घडाई नाही.

"भिंत म्हंजे दोन भिंती असत्यात सायेब. बाहीरची एक, आतली एक. मधी माती आन् बारीक दगड भरायचे. दोन-अडीच फूट जाड. बघणाऱ्याला वाटतंय किल्ला हाय. पन दोघींचा एकमेकीला हात न्हाई."

मी कॉलेजात हेच इंग्रजीतून, आकृत्यांसकट शिकलो होतो. आरपार जाणारा लांब दगड नसला की हादऱ्यानं भिंतीचे दोन पापुद्रे सुटतात, मधला भराव खाली बसतो आणि पाचर ठोकल्यासारखा त्यांना बाहेर ढकलतो. वरून माळवद. उन्हाळ्यात घर गार राहावं म्हणून लाकडी सऱ्यांवर मातीचा थर, दरवर्षी गळतं म्हणून त्यावर आणखी थोडी माती. पिढ्यान्‌पिढ्या असा दीड-दोन फुटांचा थर झोपणाऱ्यांच्या डोक्यावर साठत गेला. पुष्कळ घरांत आतले लाकडी खांब उभे राहिले आणि भिंतींनी माणसं मारली. गावाबाहेरच्या वस्तीत ज्यांची घरं कुडाची-पत्र्याची होती, ते त्या मानानं वाचले. गरिबीचा एवढाच काय तो फायदा.

३० सप्टेंबर १९९३, गुरुवार, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. तीव्रता ६.२. जगातल्या भूकंपांच्या यादीत हा आकडा फार वरचा नाही, पण केंद्र उथळ आणि वर ही घरं. सरकारी नोंदीप्रमाणे ७,९२८ माणसं गेली, ५२ गावं जमीनदोस्त झाली. आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबरात, इथे धक्के बसत होते. लोक घाबरून बाहेर झोपत होते. मग धक्के थांबले आणि हळूहळू सगळे घरात गेले. कागदावर हा भाग देशातल्या सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होता. २००२ मध्ये भूकंपरोधक बांधकामाच्या मानकातून तो पहिला विभागच काढून टाकला. लातूर तेव्हा तिसऱ्यात धरलं गेलं.

शाळांच्या दृष्टीनं या वेळेला फार महत्त्व आहे. पहाटे चारला वर्ग रिकामे असतात. इथली लेकरं शाळेत नाही, घरात गेली. कच्छमध्ये उलट झालं. २६ जानेवारी २००१, सकाळी पावणेनऊ, अंजारच्या अरुंद गल्लीतून शाळांची प्रजासत्ताक दिनाची फेरी चालली होती आणि दोन्हीकडची घरं तिच्यावर आली. किल्लारीचा भूकंप सकाळी अकराला झाला असता तर घरातली कितीतरी पोरं वाचली असती का, की दगडमातीच्या शाळांनीच त्यांना गाठलं असतं? मी मामांना विचारलं. ते म्हणाले, "तवाच्या शाळा काय येगळ्या गवंड्यानं बांधल्या होत्या का?"

मुक्काम उमरग्याला. हैद्राबाद हायवेवरचं लॉज, रात्रभर ट्रकांचे हॉर्न.

शुक्रवार : नवी गावं, सास्तूर, हराळी

भूकंपानंतर ती ५२ गावं नव्या जागी हलवली. जागतिक बँकेचं कर्ज, राज्य सरकारचा पुनर्वसन कार्यक्रम, शिवाय देशभरातल्या संस्थांनी, उद्योगांनी दत्तक घेतलेली गावं. आज त्यातली पाच-सहा गावं धावती पाहिली. सगळी एका नकाशाची वाटतात. रुंद सरळ रस्ते, काटकोनात गल्ल्या आणि घरांचे ए, बी, सी असे तीन गट. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीनवाल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, त्याहून मोठ्या शेतकऱ्याला ७५०. तीस वर्षं उलटून गेली तरी लोक पत्ता सांगताना सहज "बी मदलं घर" म्हणतात. जुन्या गावात भावकी एका बोळात असायची. इथे ती सातबाऱ्याप्रमाणे विखुरली.

कागदावर बघितलं तर योजना वाईट नाही. मोकळी जागा आहे, भिंत पडलीच तर रस्त्यावर पडेल. पण जुनं गाव एका हाकेत मावायचं. नवं गाव पसरलं की पहिलीतल्या पोराला शाळा लांब पडते. शाळा, ग्रामपंचायत, दवाखाना, समाजमंदिर हे सगळं नकाशात मध्यावर नेमून दिलेलं. वस्ती मात्र नंतर रस्त्याच्या कडेनं वाढली, त्यामुळे एका गावी शाळा आता मध्यावर नाही, पाठीमागे आहे. तिथल्या एका आजोबांनी आम्हाला "काय बगूलालाव?" असं हटकलं. शाळा बघतोय म्हटल्यावर म्हणाले, "बघा की, तिला कोनीतरी बघायला पायजे."

सास्तूरला चहाच्या टपरीवर बसलो. टपरीवरच्या ताई भूकंपात तिसरीत होत्या. बोलायला मोकळ्या. "शाळा पत्र्याच्या शेडात भरायची. राहायला बी शेड, शिकायला बी शेड. दुपारी पत्रा असा तापायचा की बाई आमाला चिंचेखाली न्यायच्या. परीक्षा बी चिंचेखालीच दिली." ही शेडं तात्पुरती म्हणून उभारली होती. घरं मिळेपर्यंत लोकांनी त्यात दोन-तीन वर्षं काढली, काहींनी जास्तच. ताईंच्या वर्गातला एक मुलगा पुण्याला नेला होता, तो पुढे तिकडेच राहिला. मला वाटतं तो भारतीय जैन संघटनेनं नेलेल्या मुलांपैकी असणार. शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातली १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली होती, वाघोलीचं त्यांचं शैक्षणिक संकुल त्यातून उभं राहिलं. टपरीवर बसलेल्या एका काकांचं मत वेगळं : "नेली ते बरंच केलं. पन इथली शाळा चालू झाली म्हनून आमी थांबलाव. शाळा नसती तर गाव कवाच लातूरला गेलं असतं."

भूकंप का झाला, यावरही टपरीवर चर्चा झाली. माकणीच्या धरणामुळे, असं तिथल्या निम्म्या लोकांचं पक्कं मत आहे. शास्त्रज्ञांनी या धरणाचा, म्हणजे निम्न तेरणाचा, मुद्दा तपासला, त्यावर वादही झाले. राष्ट्रीय भूभौतिकी संस्थेनं किल्लारीजवळ खोल भोक पाडलं, तेव्हा कळलं की बेसॉल्टचा थर साडेतीनशे मीटरच्या आतच संपतो आणि खाली खूप जुना खडक आहे. मी हे सांगितल्यावर काका म्हणाले, "मंग? पानी खाली जायला अजून सोपं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, चहाचे पैसे दिले.

दुपारनंतर हराळी. लोहारा तालुक्यातल्या या गावी ज्ञान प्रबोधिनीचे लोक भूकंपाच्या मदतीसाठी आले आणि १९९४ पासून शाळा सुरू करून राहिलेच. निवासी शाळा, शेती, झाडं. वाटेतला उघडा माळ बघून आल्यावर इथली सावली जाणवते. इथे फार वेळ मिळाला नाही. पोरं मैदानावर होती आणि आम्ही आगाऊ न कळवता गेलो होतो. एक गोष्ट मात्र मामांनी टिपली. गच्चीवर चढायला शिडी होती आणि तिच्या पायऱ्या झिजलेल्या होत्या. "म्हंजे वर मानूस जातंय," ते म्हणाले. मला त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी कळला.

शनिवार : आमची शाळा

ज्या शाळेसाठी आलो ती आज पाहिली. गावाचं नाव लिहीत नाही. मुख्याध्यापकांनी तशी विनंती केली आणि तिथे जे दिसलं ते फक्त त्या गावाचं नाही.

शनिवारची सकाळची शाळा. आम्ही साडेसातला पोहोचलो तेव्हा परिपाठ चालू होता. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, पट बावीस. खोल्या चार. हा हिशेब मी दारातच केला आणि पोटात गोळा आला, कारण आम्ही पाचवी खोली द्यायला निघालो होतो. एकेकाळी पट नव्वदच्या वर होता, असं सर म्हणाले. आता सकाळी इंग्लिश स्कूलची पिवळी गाडी गावात येते आणि पस्तीस-चाळीस पोरं भरून नेते.

"मग खोली कशाला मागितली सर?"

सर हसले. "मी मागितली नाही. तुमच्या मित्राचा फोन आला, खोली देतो म्हणाले. नको कसं म्हणायचं? आम्ही तीन वर्षांपासून गच्ची दुरुस्ती मागतोय, तिला कोणी दाता मिळत नाही."

पहिल्या तीन खोल्या पुनर्वसनातल्या, एका देणगीदारानं बांधलेल्या. दर्शनी भिंतीवर संगमरवरी पाटी, त्यावर नावं. चौथी खोली नंतरची, सर्व शिक्षा अभियानाच्या काळातली. तिच्यावरही पाटी, थोडी लहान. मामांनी आधी जुन्या खोल्या घेतल्या. बोटाच्या पेरानं भिंत वाजवत, कान लावत ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. खिडक्यांच्या वर गिलाव्यात एक सरळ आडवी रेघ उमटली होती. सरांना ती तडा वाटत होती, त्यांनी अर्जातही तसं लिहिलं होतं. मामांनी पेन्सिलीचं टोक फिरवलं आणि हसले. "ह्यो तडा न्हाई सर. ह्यो पट्टा हाय. आमीच टाकल्याला."

दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना कंबरपट्ट्यासारखा फिरवलेला काँक्रीटचा पट्टा. तसाच जोत्याला, तसाच छताखाली, आणि कोपऱ्यात पायापासून वरपर्यंत उभी सळई. भूकंपात भिंती वेगवेगळ्या डोलतात आणि कोपऱ्यात फाटतात, पट्टा त्यांना एकत्र डोलायला लावतो. त्या काळात या भागातल्या गवंड्यांना हेच शिकवलं गेलं. जी घरं पडली नव्हती, पण तडकली होती, तशी लाखावर घरं मराठवाडा आणि आसपासच्या जिल्ह्यांत दुरुस्त करून मजबूत करायची होती. माळवदावरची माती कमी करा, खांबांना तिरके टेके द्या, भिंतीला आरपार भोक पाडून वाकवलेली सळई घाला आणि काँक्रीट भरा. अनेक गावांत बायकांना संवाद सहायक नेमून लोकांना हे समजावलं गेलं, 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या प्रेमा गोपालन यांनी त्या कामाची बांधणी केली. मामांना एका संवाद सहायक बाईंनी कामावरून खाली उतरवलं होतं. "कोपऱ्यात सळई न घालता थर चढवलास, काढ म्हनल्या. काढला. माझ्या बापानं बी मला असं झापलं नव्हतं."

तर जुन्या खोल्यांचा सांगाडा आजही उत्तम. दुखणं वर होतं. शाळेला शिडी नव्हती, शेजारून आणली. वर गेलो आणि बघतच राहिलो. गच्चीवर बोटभर गाळ, त्यात गवत, कोपऱ्यात पिंपळाचं रोपटं कठड्यात मूळ घालून बसलेलं. पाणी जायला तीन पाइप होते, त्यातले दोन चेंडू, पानं आणि चिप्सच्या पाकिटांनी ठार बुजलेले. सगळा पावसाळा पाणी साचून राहणार आणि स्लॅबमध्ये मुरणार. खाली त्याच कोपऱ्यात छताचा गिलावा पडला होता, सळ्या उघड्या, गंजून फुगलेल्या. सळई गंजली की जाड होते आणि काँक्रीट फोडते. बाहेर पडलेली एक सळई मी चिमटीत धरली, तर पापुद्रे हातात आले. सरांनी त्या बाजूच्या पोरांना व्हरांड्यात हलवलं होतं. या शाळेला भूकंपाची वाट बघायची गरज नाही, दोन-तीन पावसाळे पुरेत.

चौथ्या खोलीची गोष्ट वेगळी. ती जुन्या भिंतीला नुसती चिकटवलेली. सांध्यात हात जाईल एवढी फट वरती, खाली काहीच नाही. नवं बांधकाम जुन्याला जोडायचं तर नीट बांधून घ्यावं लागतं, नाहीतर दोन बोटं जागा सोडून सुटं उभं करावं लागतं. टेकवून ठेवलं की हादऱ्यात दोन्ही एकमेकांवर आपटतात. शिवाय पट्टा खिडकीवरच संपलेला, पुढे कोपऱ्यापर्यंत नेलाच नाही. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे भूकंपानंतर धा-बारा वर्सांत बांधल्यालं हाय. एवढ्यात इसरले."

खिडकीखाली तिरका तडा होता. तो काळ्या मातीचा प्रताप. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून फाटते आणि वरचा पाया वर-खाली करते. जुन्या गावांची वस्ती पांढरीवर, टेकाडावर असायची, काळी पिकाला ठेवायची. नवी गावं जिथे जागा मिळाली तिथे बसली. पण इथे फक्त त्या खोलीच्या एकाच बाजूला तडे होते, दुसऱ्या बाजूला नाहीत. मला उलगडेना. मामा भिंतीच्या कडेनं फिरून आले आणि मला हाताला धरून मागे नेलं. मागे शाळेची परसबाग होती. मेथी, पालक, शेवगा, वांगी. पोषण आहाराच्या खिचडीत जाते, फार सुंदर राखलेली, तालुक्यात बक्षीस मिळालेलं. अगदी भिंतीला लागून. पोरं रोज सकाळी पाच-सहा बादल्या पाणी घालतात. म्हणजे वर्षभर एका बाजूचा पाया ओला, दुसऱ्या बाजूचा कोरडा.

सरांचा चेहरा पडला. मी म्हटलं, बाग काढू नका, दहा-बारा फूट लांब सरकवा आणि भिंतीच्या कडेनं उताराची फरशी घाला. बक्षिसाची पाटीही सरकवावी लागेल, असं ते म्हणाले. गमतीत म्हणाले असतील.

मधल्या सुट्टीनंतर मी चौथीच्या वर्गात बसलो. सरांनी विचारलं, "भूकंप झाला तर काय करायचं?"

सगळे एका सुरात : "बाकाखाली बसायचं!"

पुढच्या रांगेतली एक मुलगी खाली सतरंजीकडे बघत होती. तिनं हात वर केला. "सर, पन आपल्याकडं बाक कुटं हायत?"

वर्ग हसला, सरही हसले. मी त्या मुलीला दहापैकी दहा दिले असते. पुस्तकातला सल्ला बाकवाल्या शाळेसाठी लिहिलेला. इथे पोरांनी भिंतीपासून आणि कपाटापासून लांब सरकून डोकं हातांखाली घ्यायचं आणि हादरे थांबले की मैदानात जायचं. कपाट म्हणजे सहा फुटी लोखंडी, वर जुन्या गठ्ठ्यांचा ढीग, भिंतीला कुठेही न बांधलेलं, बरोबर दाराशेजारी. पडलं तर दारच बंद. मामांनी तिथल्या तिथे दोन खिळे आणि तार मागवली. दोन पोरांनी तार धरली आणि बाकीच्यांनी फुकटचे सल्ले दिले. शाळेला आमच्याकडून त्या दिवशी प्रत्यक्ष मिळालेली मदत एवढीच.

हा सराव वायफळ नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत गूढ आवाज आणि सौम्य धक्के सुरू झाले, लोक रात्री बाहेर झोपले. २१ मार्च २०२४ ला सकाळी हिंगोलीकडे ४.५ चा धक्का बसला, नांदेड-परभणीतही जाणवला. लहानच. पण १९९२ मध्येही लहानच होते.

दुपारी सरांच्या घरी जेवण. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, आमटी. जेवणानंतर मामांनी वहीच्या पानावर हिशेब मांडला : गच्ची साफ करून गळती बंद करणं, पाइप बदलणं, कोपऱ्यातल्या सळ्या घासून, जास्त खाल्लेल्यांच्या जोडीला नवी सळई घालून पुन्हा भरणं, चौथी खोली जुन्या भिंतीपासून कापून सुटी करणं आणि तिचा पट्टा पुरा करणं, मागची फरशी, एक पक्की शिडी. सगळं मिळून सव्वादोन लाखांच्या आत. नव्या खोलीला आम्ही नऊ लाख धरले होते. कागदपत्रं लागतीलच. इमारत जिल्हा परिषदेची, म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, मग पंचायत समितीच्या अभियंत्याची पाहणी. सर म्हणाले, ठरावाचं सोमवारीच करतो, पाहणीचं देवाच्या हातात.

रात्री लॉजवरून ग्रुपवर फोटो टाकले आणि मत लिहिलं : खोली नको, दुरुस्ती करू. उरलेल्या पैशांत आसपासच्या आणखी दोन-तीन शाळांच्या गच्च्या होतील. दोन मिनिटं शांतता. मग एकानं अंगठा टाकला. दुसऱ्यानं लिहिलं, "पण दिसणार काय?" तिसरा : "उद्घाटनाला फॅमिलीसकट यायचं ठरलं होतं. गच्चीचं उद्घाटन करायचं का?" औशाचा मित्र जरा चिडला, त्यानं गावात शब्द दिला होता. साडेअकराला मी फोन उलटा ठेवून झोपलो. भूकंपानंतर इथे आलेला पैसा, मेहनत, माया खरी होती, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तीस वर्षांत ज्यानं त्यानं खोली दिली आणि पाटी लावली. झाडू घेऊन वर चढायचं काम मधल्या मधे कोणाचंच राहिलं नाही.

रविवार : नळदुर्ग, उजनी, परत

सकाळी हायवेनं नळदुर्ग. किल्ला घाईत पाहिला. बोरी नदीवरच्या बांधातला पाणी महाल आहेच बघण्यासारखा, पण धबधबे जानेवारीत कोरडे. मामांना किल्ल्यात जास्त रस. बांधाचे घडीव दगड हातानं चाचपत म्हणाले, "ह्या गवंड्याला माहीत होतं."

नळदुर्गलाच 'आपलं घर'. भूकंपात आईवडील गेलेल्या मुलांसाठी राष्ट्र सेवा दलाच्या पन्नालाल सुराणा यांनी उभारलेलं. त्या वेळची मुलं केव्हाच मोठी होऊन बाहेर पडली, आता इतर कारणांनी आधार सुटलेली मुलं इथे राहतात, शिकतात. रविवार असल्यानं धुणी वाळत होती, पोरांचा क्रिकेटचा डाव रंगात आला होता. आम्ही थोडा वेळ बसलो आणि निघालो. मुलं म्हणजे प्रेक्षणीय स्थळ नव्हे.

तुळजापूरला कळसाला हात जोडले. रांग एवढी की दर्शन पुढच्या खेपेला. पुढे औशाच्या वाटेवर उजनीला बासुंदी. कोणी या रस्त्यानं गेलात तर टाळू नका. मामांनी दोन वाट्या घेतल्या आणि डॉक्टरला सांगू नका म्हणाले.

तिथे ग्रुप उघडला. रात्रभरात चाळीसच्या वर मेसेज. बॅचमधल्या एकीनं, ती नाशिकला सरकारी शाळेत गणित शिकवते, एकच ओळ लिहिली होती : "माझ्या वर्गात पावसाळ्यात तीन बादल्या ठेवते. गच्चीला माझे पंधरा हजार." त्यानंतर सूर बदलला होता. खजिनदारानं हिशेबाचा तक्ता टाकला, औशाच्या मित्रानं गावात परत फोन केला. पाटीचा प्रश्न मात्र जिवंत होता. कोणी म्हणालं शिडीवर नाव रंगवू, कोणी म्हणालं पाइपावर.

मी मामांना वाचून दाखवलं. ते बोट चाटून पुसत म्हणाले, "पाइपावर लिवा. पन पाइप चार इंची घ्या म्हनावं, तीनच्यात चेंडू अडकतंय." मी तसंच टाइप करून पाठवलं. लातूर स्टँडवर उतरेपर्यंत सरांचाही फोन आला. पोरांनी काल दुपारीच दोन पाइप काठीनं मोकळे केले होते. एकातून टेनिसचे सात चेंडू निघाले आणि ते कोणाचे, यावरून आता तिसरी आणि चौथीची भांडणं लागली होती.